रस्ता कुणाचा?



मागच्या अंकात माझा लेख नव्हता. उजव्या मनगटाला प्लास्टर होते आणि डाव्या हाताने मला चेकवर सहीसुद्धा धड करता येत नाही. अनेकांनी फोन करून चौकशी केली, त्या सर्वांची मी आभारी आहे. चौकशी करणाऱ्यांचे साधारण दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, "या वयात सायकल चालवायची काय गरज? बस आहे, मुलाबाळांच्या गाड्या आहेत." दुसरा पक्ष म्हणाला, "त्या गाडीवाल्याला सोडू नका, चांगला कोर्टात खेचा." दोघेही माझ्यावरच्या प्रेमानेच बोलत होते. पण सहा आठवडे हात गळ्यात बांधून बसले की माणसाला विचार करायला सवड मिळते, आणि मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागली. दोष कुणाचा, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. तोच आज आपणापुढे मांडते.

घडले ते असे. हनुक्का संपून आठवडा झाला होता. गुरुवारची संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. आमच्या शहरात मुख्य रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी निराळा मार्ग, म्हणजे श्विल ओफनाइम, आखलेला आहे. त्याला लागून मिद्राखा, आणि मिद्राख्यावर आपल्याकडचे वाणसामान मिळणारे एक दुकान. शब्बाथच्या आधी तिथे गर्दी असायचीच. दुकानासमोर सायकलच्या मार्गावर एक पांढरी गाडी आडवी उभी होती. आत कुणी नाही, पण चारही दिवे लुकलुकत होते. हे लुकलुकणारे दिवे म्हणजे इस्रायलमधले माफीपत्रच आहे. ते लावले की गाडी कुठेही उभी करावी. त्यांचा अर्थ एकच: "राक रेगा," एक क्षणभर फक्त.

माझ्या उजव्या हाताला मिद्राखा होता, त्यावर बायका-मुले. डाव्या हाताला रस्ता. मी मागे वळून पाहिले, वाट मोकळी वाटली, म्हणून रस्त्यावर उतरले. तेवढ्यात मागून ट्रकचा भोंगा वाजला. मी दचकले, हँडल उजवीकडे ओढले, पुढचे चाक मिद्राख्याच्या कडेला घासले आणि मी पडले. ट्रक मला शिवलासुद्धा नाही. तो निघून गेला, त्याच्या चालकाला कदाचित कळलेही नसेल.

दुकानातून एक गृहस्थ धावत आले. एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात पोहे. "बाई, लागलं का हो?" मराठीतून! पाहते तो आपल्याच समाजातले, आमच्याच मशिदीत येणारे. त्यांच्या मुलीला मी दोन वर्षे इंग्रजी शिकवले आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मलीदा होता, त्याची ही तयारी. मला त्यांनीच उचलले, त्याच पांढऱ्या गाडीतून इस्पितळात नेले आणि मियूनमध्ये रात्री अकरापर्यंत माझ्याशेजारी बसून राहिले. पोह्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच होती. माझा लेक आल्यावरच ते उठले. याहून अधिक सख्ख्या भावानेही केले नसते.

आता सांगा, यात दुष्ट कोण?

नंतर पोलिसांकडे जबाब द्यायला गेले. समोरचा अधिकारी तरुण होता, अदबीने बोलत होता. त्याने विचारले, "तुम्हाला कुणी धडक दिली?" मी म्हटले, "कुणीच नाही." तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्वतःच पडलात." मी म्हटले, "हो, पण माझ्या वाटेत गाडी उभी होती." त्याने पुन्हा विचारले, "गाडी उभी होती. मग तिने काय केले?" या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. खरेच, गाडीने काय केले? ती नुसती उभी होती.

सर्वसाधारणपणे अपघात म्हटला की आपण आपटणारा शोधतो. जो वेगात होता, जो हलला, तो गुन्हेगार. जो जागचा हलला नाही तो निर्दोष. कायदा त्याच्या पुढे जातो, हेही सांगितले पाहिजे. या देशाच्या 1961 च्या वाहतूक नियमांप्रमाणे मिद्राख्यावर गाडी उभी करण्यास बंदी आहे. अपघातग्रस्तांच्या भरपाईसाठी 1975 मध्ये जो कायदा झाला, त्यात मना केलेल्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर आपटून इजा झाली तर तोही रस्त्यावरचा अपघात धरला आहे. पण मी गाडीवर आपटले कुठे? मी तर तिला चुकवायला गेले. उभ्या गाडीमुळे जी इजा होते ती बहुतेक वेळा अशीच चार पावले पुढे होते, दुसऱ्याच्या चाकाखाली. तोवर गाडीवाला नारळ निवडत असतो.

घरी आल्यावर मला पुण्याची आठवण झाली. सत्तरच्या दशकातले पुणे म्हणजे सायकलींचे शहर. आम्ही रास्ता पेठेत राहत होतो. मी आठवीत गेले तेव्हा बाबांनी जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. महानगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला तिला लावावा लागे, आणि अंधार पडल्यावर दिवा असणे सक्तीचे होते. एका संध्याकाळी माझा डायनॅमो बिघडला होता. घर जवळच, म्हणून तशीच निघाले. चौकात हवालदाराने शिट्टी मारली. मी म्हटले, "हवालदारसाहेब, रस्त्यावरचे दिवे आहेत की, मला सगळं नीट दिसतंय." ते म्हणाले, "पोरी, दिवा तुला दिसावं म्हणून नसतो. तू दुसऱ्याला दिसावीस म्हणून असतो." दंड केला नाही. मागच्या चाकाची हवा सोडली आणि म्हणाले, "आता चालत जा, म्हणजे लक्षात राहील." पन्नास वर्षांवर झाली, पण राहिले आहे लक्षात.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, भारतात काही वर्षे आणि आलिया केल्यावर इथे पेन्शनपर्यंत. इतक्या वर्षांत नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. रस्त्यावर मी काय करते याचा हिशेब मला काय दिसते यावर संपत नाही. दुसऱ्याच्या वाटेत माझ्यामुळे काय उभे राहते, तिथून तो सुरू होतो.

पेन्शन घेतल्यापासून मी मशिदीतल्या बायकांच्या मिश्नाच्या वर्गाला जाते. या हिवाळ्यात योगायोगाने बाबा कम्मा चालू होते. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आमच्या प्रश्नाचे उत्तर निघाले. एकाने सार्वजनिक वाटेत घडा ठेवला. दुसरा आला, त्याला अडखळला आणि घडा फुटला. फोडणाऱ्याने भरपाई देण्याची गरज नाही. आणि अडखळणाऱ्याला इजा झाली तर? त्याची भरपाई घडा ठेवणाऱ्याने द्यायची. घड्याने काय केले, असे मिश्ना विचारीत नाही. घडा उभाच असतो. तो तिथे कुणी ठेवला, एवढेच विचारते.

त्यावर गेमारात शंका येते ती अगदी आपल्या पोलीस अधिकाऱ्यासारखी: चालणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत का? तिथे हाखामांनी दिलेले एक उत्तर मला फार माणुसकीचे वाटले. वाटेने जाताना पावलोपावली खाली बघत चालणे ही माणसांची रीत नाही. म्हणजे वाटसरूला रस्त्यावर विश्वास टाकण्याचा हक्क आहे. तो आपल्या विचारात असेल, थकलेला असेल, म्हातारा असेल, लहान मूल असेल. रस्ता अशा सर्वांसाठी आहे, फक्त सदैव सावध असणाऱ्यांसाठी नव्हे. "या वयात सायकल कशाला" म्हणणाऱ्या माझ्या हितचिंतकांना मी हेच उत्तर देते. रस्ता जर फक्त तरण्याताठ्यांना पेलत असेल, तर म्हाताऱ्यांनी घरी बसावे की रस्ता सुधारावा?

इथपर्यंत मी मोठ्या तोऱ्यात होते. मी अडखळलेली, दुसऱ्याने घडा ठेवलेला. न्याय माझ्या बाजूने. पण खरे सांगायचे तर गोष्ट इथे संपत नाही.

पहिली गोष्ट. त्या दिवसापूर्वी कितीतरी वेळा, मार्ग अडलेला दिसला की मी रस्त्यावर न उतरता सायकल मिद्राख्यावर चढवली आहे. एकदा एक वृद्ध गृहस्थ माझ्या घंटीने इतके घाबरले की भिंतीला चिकटून उभे राहिले. मी "स्लिहा" म्हटले आणि पुढे गेले. विजेच्या सायकलींची पोरे मिद्राख्यावरून सुसाट जातात म्हणून आपण सर्व चिडतो. सोळा वर्षांखालील मुलांना ती चालवायची परवानगी नाही आणि मिद्राखा तर कुणालाच मोकळा नाही, तरी जातात. पण त्या गृहस्थांच्या दृष्टीने माझ्यात आणि त्या पोरांत फरक काय होता? वेगाचा, एवढाच. ही एक उतरंड आहे. गाडी सायकलला ढकलते, सायकल चालणाऱ्याला ढकलते, आणि सगळ्यात खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार. सर्वात खाली कोण? काठी टेकणारी आजी, बाबागाडी ढकलणारी आई, आंधळा माणूस. त्यांना ढकलायला कुणीच उरत नाही, म्हणून तेच पडतात.

दुसरी गोष्ट सांगायला मला अधिक जड जाते. दर शुक्रवारी माझे जावई माझा बाजार घेऊन येतात. भाजी, हल्ला, कोंबडी, पाण्याच्या बाटल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, मी दुसऱ्या मजल्यावर. ते गाडी इमारतीच्या दारात मिद्राख्यावर चढवतात, चारही दिवे लावतात आणि पिशव्या वर आणतात. वर आल्यावर मी म्हणते, "बसा, चहा घ्या." गेली सहा-सात वर्षे हा क्रम आहे. प्लास्टर झाल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी मी गॅलरीत उभी होते. खाली एक तरुण आई बाबागाडी घेऊन आली, आमच्या गाडीपाशी थांबली, डावीउजवीकडे पाहिले आणि बाबागाडी रस्त्यावर उतरवली. मागून बस येत होती. बस थांबली, काही झाले नाही. ती बाई गेली. चहा उकळत होता.

मी त्या बाईला ओळखत नाही, तिला हे कधी कळणारही नाही. पण माझ्या पोटात गोळा आला. सहा-सात वर्षे दर शुक्रवारी एक घडा मीसुद्धा रस्त्यात ठेवीत होते. माझा घडा कुणाला लागला नाही आणि त्या गृहस्थांचा मला लागला. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? पुण्याचा नव्हे, नशिबाचा. "काही झाले नाही" आणि "मी काही केले नाही" ही दोन वाक्ये आपण एकच समजतो. ती एक नाहीत. काही झाले नाही ते बसच्या चालकाने ब्रेक दाबला म्हणून. त्याचे श्रेय मी कसे घेऊ?

त्याच बाबा कम्मात पुढे एक गोष्ट आहे. एक शेतकरी आपल्या शेतातले दगड उचलून सार्वजनिक वाटेवर टाकीत होता. एक धर्मनिष्ठ माणूस त्याला म्हणाला, बाबा, जे तुझे नाही तिथले दगड जे तुझे आहे तिथे का टाकतोस? शेतकरी हसला. पुढे त्याला शेत विकावे लागले, आणि एके दिवशी त्या वाटेने जाताना तो स्वतःच्याच दगडांना अडखळला. तेव्हा त्याला कळले की शेत आज आपले, उद्या दुसऱ्याचे. वाट मात्र कायम आपली. गाडीचेही तसेच नाही का? आज आपल्या हाती चावी आहे. उद्या डॉक्टर म्हणतील, आता गाडी चालवू नका. मग आपण याच मिद्राख्यावर काठी टेकत येऊ.

मग करायचे काय? आपल्यातले पुष्कळ लोक म्हणतात, पोलिसांनी करावे, इरियाने करावे. खरे आहे, करावेच. 106 ला फोन केला तर पकाह येतो, दोह लिहितो. पण एका रेगासाठी उभ्या राहिलेल्या गाडीपाशी तो पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. प्रत्येक दुकानासमोर एक पकाह उभा करायचा, तर शहरात दुसरे कुणी उरणार नाही.

याउलट किप्पूर आठवा. आपल्या आज्या ज्याला दरफळणीचा सण म्हणत. त्या दिवशी गाडी चालवू नये असा या देशात कायदा नाही. पोलीस अडवीत नाही, दोह मिळत नाही. तरी ज्यू वस्तीच्या गावागावांतून सगळे रस्ते मोकळे होतात. उपास करणारे गाडी काढीत नाहीत आणि न करणारेही काढीत नाहीत. रुग्णवाहिका तेवढी जाते. मुले सायकली घेऊन महामार्गावर उतरतात. तो दिवस निव्वळ आनंदाचा असतो असे नाही. सायकलवरून पडलेल्या मुलांना मागेन दाविद आदोम दर किप्पूरला मलमपट्टी करीत असते, म्हणजे गाड्या नसल्या तरी एकमेकांची काळजी संपत नाही. पण एवढे सिद्ध होते की दंडाशिवाय आपण रस्ता मोकळा ठेवू शकतो. आपल्याला लाज वाटते म्हणून आपण ठेवतो. मग शिळ्या सणाच्या सकाळी ती लाज कुठे जाते? मिद्राखे पुन्हा भरतात, चारही दिवे पुन्हा लुकलुकू लागतात.

मात्र लाज एकटी पुरत नाही, तिला कायद्याचा टेकू लागतो. म्हणूनच तक्रारीचा प्रश्न मला फार दिवस छळीत होता. काहींनी सांगितले, "आपल्या माणसावर तक्रार करू नका. रात्री अकरापर्यंत बसला तो तुमच्यासाठी." मलाही तसेच वाटे. मग विचार केला: माझ्या हाताची माफी देणे माझ्या अधिकारात आहे. ती मी दिली, आणि मनापासून दिली. पण तो मार्ग माझा एकटीचा नाही. माझ्यामागून शाळेतून येणारी मुलेही त्याच गाडीला वळसा घालणार होती. त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि "आपला माणूस" म्हणून जर मी गप्प बसले, तर रस्त्यावरचे बाकीचे लोक परके ठरतात. म्हणून जबाबात मी गाडी कुठे आणि कशी उभी होती ते जसेच्या तसे सांगितले. भरपाई मागितली नाही. जबाब देण्याआधी त्यांना फोन करून कळवले, कारण पाठीमागे बोलणे मला पटत नाही.

त्यांना दोह आला. महिनाभर मशिदीत ते माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या बायकांतही कुजबुज झाली. तो महिना मला प्लास्टरपेक्षा जड गेला, हे कबूल करते. पेसाहच्या आधी ते एकदा घरी आले. म्हणाले, "बाई, मी मोजून पाहिलं. कोपऱ्यावर निळ्यापांढऱ्या पट्ट्याची रीतसर जागा आहे, तिथून दुकानापर्यंत चालत तीन मिनिटं. जाऊन येऊन सहा. तुमचे सहा आठवडे गेले." मी म्हटले, "माझ्याकडचा हिशेब त्याहून वाईट आहे," आणि शुक्रवारची हकीकत सांगितली. मग आम्ही दोघांनी चहा घेतला. हा लेख त्यांना वाचून दाखवूनच पाठवीत आहे.

जावई आता गाडी मागच्या गल्लीत लावतात. पिशव्या दोन खेपांत येतात, मी जिन्यापर्यंत खाली उतरते आणि हलक्या पिशव्या डाव्या हाताने घेते. पाण्याच्या बाटल्या मागवणे आम्ही बंद केले. नळाचे पाणी चांगले आहे. पहिल्या शुक्रवारी ते थोडे कुरकुरले. दुसऱ्या शुक्रवारी माझ्या नातवाने विचारले, "आजी, आबा गाडी लांब का लावतो?" मी त्याला हवालदाराची गोष्ट सांगितली.

मनगट अजून पावसाळी हवेत दुखते. सायकल दुरुस्त करून आणली आहे. मागचा दिवा नवीन बसवला आहे, मला दिसावे म्हणून नव्हे. मागच्या आठवड्यात त्याच दुकानावरून गेले. मार्गावर एक गाडी उभी होती, दुसऱ्या कुणाची तरी. मी सायकलवरून उतरले, ती हातात धरून मिद्राख्यावरून चालत गेले आणि गाडीवाला बाहेर येईपर्यंत थांबले. तो म्हणाला, "राक रेगा, गिवेरेत." मी म्हटले, "त्या एका रेगाचीच गोष्ट आहे. वेळ असेल तर सांगते." त्याला वेळ नव्हता. पण गाडी त्याने काढली.

शालोम.